जर्मन बोलायला जबलपूरला

माणसं जर्मन बोलायला जर्मनीला जातात. मी जबलपूरला गेले. नाशिकमध्ये हे ज्याला ज्याला सांगितलं त्यानं माझ्याकडे, बाईचं काहीतरी बिनसलंय, अशाच नजरेनं पाहिलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मेधा, जातेच आहेस तर नर्मदेत एक डुबकी तरी मारून ये. गेल्यासारखं काहीतरी पदरात पडेल."

आता सगळं सांगते. मी विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी केली, एकटी राहते, आणि पन्नाशीनंतर मला जर्मन शिकायची हुक्की आली. "मुलगा तिकडे असतो का?" असं सगळे विचारतात. अहो, मला मुलगाच नाही. भाचेमंडळी आहेत, ती पुण्याच्या पुढे गेलेली नाहीत. हौस म्हणून माणूस काही शिकू शकतो हे लोकांना पटतच नाही. क्लास लावला नाही, कारण क्लास म्हटला की परीक्षा आली आणि परीक्षेची मला पहिलीपासून शिसारी आहे. मोबाइलवर जे मिळेल ते ऐकायचं, त्यातही जर्मन रेडिओवर शिकणाऱ्यांसाठी अगदी सावकाश वाचलेल्या बातम्या रोज ऐकायच्या, एवढंच.

बोलायला कोणीतरी हवं म्हणून इंटरनेटवर शोधाशोध केली. तिथे जबलपूरच्या वसुधाजी भेटल्या. त्याही माझ्यासारख्याच, बिनक्लासच्या, त्याच बातम्यांवर वाढलेल्या. दोघी मराठी निघालो आणि तिथेच धोका होता, कारण मराठी बायका एकदा मराठीत सुरू झाल्या की कसली जर्मन आणि कसलं काय! म्हणून पहिल्याच दिवशी नेम केला: एकमेकींशी मराठीचा एक शब्दही काढायचा नाही. जी चुकेल तिनं दुसऱ्या दिवशी अख्ख्या बातम्या वाचून दाखवायच्या. दोन वर्षं रोज संध्याकाळी आम्ही फोनवर बोललो. दोघीही इतक्या हट्टी की कोणीच चुकलं नाही. म्हणजे दोन वर्षांच्या मैत्रीत मी वसुधाजींचं मराठी ऐकलेलंच नव्हतं.

बातम्यांवरून शिकल्यामुळे आम्ही दोघी बोलायचोही निवेदकासारख्या. "आज सकाळी आमच्या घरी दूध उतू गेलं," हे वाक्य आम्ही सरकार पडल्याच्या सुरात म्हणायचो. शब्द थोडे होते, त्यामुळे जगही तेवढंच होतं: चहा, बाजार, हवा आणि वसुधाजींचे "माइन मान", म्हणजे माझे यजमान. माइन मान चहा पीत आहेत. माइन मान फिरायला गेले. माइन मान आज पंखा दुरुस्त करत आहेत, आणि पंखा आता अजिबातच फिरत नाही. खोटं कशाला बोलू, माझ्या रिकाम्या घरात रोज संध्याकाळी या गृहस्थाची मला सवय झाली होती. जबलपूरला जायचं ठरलं तेव्हा मी त्यांच्यासाठी बिनबाह्यांचा स्वेटर विणला. छातीचं मापही फोनवर विचारून घेतलं. वसुधाजी जरा थांबल्या आणि मग त्यांनी माप सांगितलं.

विजय नगर

जबलपूर स्टेशनवरून रिक्षानं विजय नगरला निघाले. सकाळची थंडी अशी की नाशिकची थंडी मला उगाच आगाऊ वाटायला लागली. जिकडे बघावं तिकडे मटार. हातगाडीवर मटार, ओट्यावर मटार, उन्हात खुर्ची टाकून बसलेल्या आजोबांच्या मांडीवरच्या परातीत मटार. आमच्याकडे द्राक्षांच्या दिवसांत द्राक्षांचं असं होतं. रिक्षावाल्याला मी "ओ दादा" म्हटलं तर तो लाजला. इथे सगळे भैया. उतरताना तो "नर्मदे हर" म्हणाला. आमच्याकडे गोदावरीचं नाव घेऊन कोणी निरोप देत नाही. मला ते फार आवडलं, आणि उत्तरादाखल काय म्हणायचं ते न कळून मी "थँक्यू" म्हणाले. कपाळ माझं.

दार उघडलं ते एका बुटक्या, गोऱ्या, पायमोजांवर चप्पल घातलेल्या बाईंनी. मी मिठी मारून भडाभडा मराठीत सुरू होणार तेवढ्यात त्यांनी एक बोट वर केलं आणि रेडिओच्या त्या संथ आवाजात माझं जर्मनमधून स्वागत केलं. प्रवास सुखाचा झाला का, हवामान कसं होतं, सगळं क्रमानं. मी हात टेकले. पण सांगते, अंगावर काटाही आला. जो आवाज दोन वर्षं कानात होता तो आता समोर उभा राहून माझी बॅग उचलत होता.

घर म्हणजे जर्मनचं प्रदर्शन. फ्रिजवर चिठ्ठी, नळावर चिठ्ठी, गॅसच्या सिलिंडरवर चिठ्ठी, प्रत्येकीवर त्या त्या वस्तूचं जर्मन नाव. देवघरालाही चिठ्ठी होती, फक्त आतल्या देवांना सोडलं होतं. दूधवाल्याशी त्या हिंदीत बोलत, मुलीला मोबाइलवर मराठीत निरोप लिहीत आणि वळून माझ्याशी जर्मनमध्ये बोलत होत्या, आणि या तिन्ही उड्या त्यांना जड जात नव्हत्या. एवढं त्या बिनशिक्षकाच्या शिकल्या! मी बघतच राहिले.

मी स्वेटर काढला आणि विचारलं, "आपले यजमान कुठे आहेत?"

"ते फिरायला गेले आहेत," वसुधाजी म्हणाल्या. स्वेटर हातात घेऊन त्यांनी विणीवरून बोट फिरवलं, छान झालाय म्हणाल्या आणि आत कपाटात नेऊन ठेवला.

जेवणं झाली तरी यजमान आले नाहीत. दारात पुरुषाची चप्पल नव्हती. पोर्चमध्ये स्कूटर होती, तिच्यावर मेणकापड घालून ते सुतळीनं बांधून ठेवलेलं होतं.

नेपियर टाउन

संध्याकाळी वसुधाजींची मुलगी अनघा आली. ती नेपियर टाउनमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते आणि आईच्या घराजवळच राहते. तिच्याशी मराठी चालत होतं, म्हणून मोकळेपणानं विचारलं, "काय गं, बाबा किती वेळ फिरतात तुझे?"

अनघाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "चलो मावशी, तुम्हाला जलेबी खाऊ घालते. आई, आम्ही आलोच."

तिच्या स्कूटरवरून निघालो. नेपियर टाउनच्या गर्दीत एका हलवायासमोर गाडी लावून तिनं खव्याची जलेबी घेतली. काळसर, जाडजूड, गरम. आमच्याकडची जिलबी हिच्यापुढे अगदीच कुपोषित. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा अनघा रडत होती.

"मावशी, बाबा मे महिन्यातच गेले."

घास तसाच तोंडात राहिला. मे महिन्यात! मे महिन्यात वसुधाजींनी मला, ताप आहे, काही दिवस फोन करू शकत नाही, असं कळवलं होतं. पंधरवड्यानं पुन्हा फोन आला तेव्हा मी विचारलं होतं की यजमानांनी काळजी घेतली ना तुमची? आणि त्या म्हणाल्या होत्या, हो, त्यांनी मला चहा करून दिला.

मी हे अनघाला सांगितलं. त्यानंतरचंही सांगितलं: पंखा, चहातल्या साखरेवरून त्या दोघांचं भांडण, स्वेटरचं माप. सांगताना मला राग येत होता. मला फसवलं म्हणून नव्हे. ज्या माणसाची मला सवय झाली होती तो माझ्यासाठी त्या जिलबीच्या दुकानासमोर त्या क्षणी वारला होता, आणि माझ्या हातात पाक लागलेला द्रोण होता.

अनघा ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी आटून तिथे वेगळंच काही आलं. "अच्छा," ती म्हणाली. "मतलब तुमच्याजवळ बाबा रोज चहा पिऊन राहिले. अन् मला घरात त्यांचं नाव नाही घेता येत. मी नाव काढलं की आई उठून चालली जाते. पेन्शनचे सगळे कागद केले तिनं, सह्या केल्या, पण एक शब्द नाही काढला. रडली नाही. काकांनी ग्वारीघाटला अस्थी सोडल्या, ही गेली नाही. तेव्हापासून नर्मदेचं तोंड नाही पाहिलं तिनं. जबलपूरची बाई, मावशी! मला वाटे, आई बाबांना विसरून गेली."

"मी काय करू गं?"

"तिच्याकडून एकदा वदवून घ्या. कोणत्याही भाषेत. मला माझ्या बाबांबद्दल आईशी बोलायचं आहे, बस. दुसरं कोणाशी बोलू मी?"

मी हो म्हणाले. आता नाही म्हणायला तोंड कुठे होतं? पण परत येताना स्कूटरवर मागे बसून मी मनाशी घोळवत होते. त्या बाईनं एक सबंध भाषा शिकून त्यात नवऱ्याला जपून ठेवलं होतं. ते मी बाहेरून येऊन पाडायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गच्चीवर मटार सोलत बसलो. फोनवर मला हिवाळ्यात जी टक्‌टक्‌ ऐकू यायची ती या शेंगांची होती, हे तेव्हा कळलं. मी हळूच विचारलं, "आपल्या यजमानांना मटार आवडतात?"

"फार," त्या म्हणाल्या. "ते सोललेले दाणे कच्चेच खातात. म्हणून भाजी नेहमी कमी पडते." त्यांचा हात शेंगेवर थांबला आणि मग पुन्हा चालू झाला. मला पुढे विचारवेना. मी घाबरट आहे.

मग मी म्हटलं, मला नर्मदेवरचा भेडाघाट बघायचा आहे. त्या म्हणाल्या, अनघाबरोबर जा, मला सर्दी आहे. मी म्हणाले, नाववाला भराभर हिंदी बोलतो असं ऐकलंय, मला कोण समजावणार? मला जर्मनमधूनच समजतं. हे धादांत खोटं होतं, आणि त्यांनाही ते कळलं. त्यांनी मटारची परात बाजूला ठेवली. मग शाल आणायला उठल्या.

भेडाघाट

धुवाँधारचं वर्णन मला करता येणार नाही, तरी करते. सपाट दगडांतून शांतपणे येणारी नर्मदा एकाएकी खाली कोसळते, आणि तिचं पाणी उरतच नाही, धूर होतो. नाव धुवाँधार आहे हे मला माहीत होतं, पण खरंच धूर असेल असं वाटलं नव्हतं. चष्मा ओला, केस ओले, ओठांवर नदी. पायाखालचा दगड थरथरतो. आपण आयुष्यात जे जे मोठ्यानं बोललो ते तिथे किती बारीक वाटतं! मी नाशिकची, नदीकाठची, पण नदीला मी पहिल्यांदा घाबरले आणि हात जोडले.

आसपास सगळे "नर्मदे हर" म्हणत होते. वसुधाजी मात्र कठड्याकडे पाठ करून, शाल घट्ट धरून उभ्या होत्या. अनघानं त्यांना काही म्हटलं नाही. थोड्या वेळानं त्या आपणहूनच वळल्या आणि बघत राहिल्या. डोळ्यांची पापणी लवत नव्हती.

तिथून इथल्या पंचवटी घाटावर आलो आणि एक अख्खी नाव केली. मी आणि वसुधाजी एका टोकाला, अनघा समोर, मध्ये वल्ही मारणारा नाववाला. इथले नाववाले सगळी माहिती यमक जुळवून सांगतात. "इधर देखिए पत्थर काला, जैसे मामा ने कोट हो डाला! उधर देखिए पत्थर गोरा, जैसे ससुराल में आया छोरा!" वसुधाजींनी हे माझ्यासाठी बातमीच्या सुरात जर्मनमध्ये सांगितलं, की डावीकडे एका मामांचा कोट दिसत आहे. मी खो खो हसले. त्याही हसल्या.

पुढे गेल्यावर हसू आपोआप थांबलं. दोन्ही बाजूंनी संगमरवराचे कडे सरळ वर गेलेले. पांढरे म्हणावेत तर निळसर, निळसर म्हणावेत तर कुठे गुलाबी, कुठे गाईच्या तुपासारखे पिवळट. पाणी हिरवं, गाढ, हलतसुद्धा नाही. मगाशी धूर होऊन ओरडणारी नदी हीच, यावर विश्वास बसेना. कडे एकमेकांच्या अगदी जवळ येतात तिथे, बंदरकूदनीपाशी, नाववाल्यानं वल्ही वर घेतली. "अब कोई कुछ न बोले," तो म्हणाला. "बस सुनिए."

काहीच ऐकू येत नव्हतं. वल्ह्यावरून पडणारे थेंब, बस. अनघा माझ्याकडे बघत होती. मी फक्त तेवढंच म्हणाले जे रोज संध्याकाळी फोनवर म्हणत असे: "वसुधाजी, जबलपूरची आजची बातमी काय?"

त्या ताठ बसल्या, शाल सारखी केली, आणि समोरच्या कड्याकडे बघत म्हणाल्या, "गुटन आबेंट. बातम्या."

रेडिओवरची तीच 'शुभ संध्याकाळ'. आवाज कड्यांवर आदळून परत आला. एक एक शब्द सुटा.

"आई काय म्हणून राहिली?" अनघानं विचारलं.

मी हळू आवाजात मराठीत सांगायला लागले. त्या एक वाक्य म्हणायच्या आणि थांबायच्या, मी सांगायचे. थांबून त्या माझं मराठी ऐकत होत्या, हे माझ्या लक्षात आलं.

"मध्य भारतात हवामान कोरडं आहे." मी सांगितलं.

"जबलपूर. खमरियाच्या कारखान्यातले निवृत्त आरेखक श्रीकांत यांचं मे महिन्यात सकाळी राहत्या घरी निधन झालं." माझा आवाज फुटला, तरी मी सांगितलं. अनघानं नावेची कड दोन्ही हातांनी पकडली.

"त्यांच्या पत्नी त्या वेळी स्वयंपाकघरात चहा करत होत्या. तो चहा नंतर कोणी प्यायला नाही."

"डॉक्टरांच्या मते, पत्नी पाच मिनिटं आधी खोलीत गेल्या असत्या तरी काही फरक पडला नसता."

त्या थांबल्या. मला वाटलं, बातमी संपली. पण एक वाक्य राहिलं होतं. ते म्हणताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही, आणि मी माझ्या आयुष्यात असं काही ऐकलेलं नाही.

"पत्नीला हे मान्य नाही."

मी ते मराठीत म्हणाले. नाव आपल्याआपण थोडी वळली. आणि तेवढ्यात शेजारून एक अनोळखी, जाडसर, घरगुती आवाज आला.

"निधन काय गं, मेधा! गेला तो. मी चहाच करून राहिली होती अन् तो गेला. मी काहून नाही उठली? दूध उतू जाईल म्हणून उभी राहिली. दुधापायी!"

दोन वर्षांत मी ऐकलेलं हे त्यांचं पहिलं मराठी.

अनघा उठली आणि मधली फळी ओलांडून सरळ आईच्या अंगावर आली. नाव अशी कलली की माझी पर्स पाण्यात गेली असती. "अरे दीदी, बैठ जाओ! डुबाओगी क्या!" नाववाला ओरडला. पण कोणी बसलं नाही. आई आणि लेक एकमेकींना धरून त्या हलत्या नावेत अर्धवट उभ्या, अर्धवट बसलेल्या होत्या आणि मोठ्यानं रडत होत्या. "तुझी चूक नव्हती आई, डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं न." "सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं." कड्यांवरून तो रडण्याचा आवाजही परत येत होता. नाववाल्याला ना जर्मन कळत होतं ना मराठी. तरी त्यानं यमकं बंद केली. नाव वळवली, आणि अगदी हळू म्हणाला, "नर्मदे हर."

वसुधाजींनी लेकीच्या खांद्यावरून पाण्याकडे पाहिलं. "हर," त्या म्हणाल्या.

ते कडे माणसं यायच्या कितीतरी आधीपासून उभे आहेत म्हणतात. त्यांचा मोठेपणा मी मान्य करते. पण त्या नावेत मी ज्याच्यापुढे थक्क होऊन बसले होते ते दगड नव्हते. हातभर उंचीची एक बाई, जिला मराठीत जे पेलवेना ते तिनं परक्या बोलीत दारापर्यंत ओढत आणलं होतं, आणि मी फक्त दार उघडलं होतं.

घाटावर उतरलो तेव्हा तिघींचीही नाकं लाल झाली होती. गरमागरम मंगोडे घेतले, म्हणजे मुगाच्या डाळीची भजी, आणि अधाशासारखे खाल्ले. तिसऱ्या द्रोणाला वसुधाजींनी मला कोपरानं ढोसलं. "मराठी आधी तू बोलली. मी तर जर्मनच बोलून राहिली होती. दंड तुला. उद्या पूर्ण बातम्या वाचायच्या." मी दंड भरला. दुसऱ्या दिवशी, निघायच्या आधी, भरला.

परत नाशिक

माझे फोन चालूच आहेत. नेमही तोच आहे. जर्मन म्हणजे जर्मन. फरक एवढाच की माइन मान आता फिरायला जात नाहीत आणि पंखा बिघडवत नाहीत. जिवंत होते तोवर आमच्या त्या तुटपुंज्या भाषेत ते नुसता चहा प्यायचे. आता त्यांना लहानपण आलंय, खमरियाची सरकारी चाळ आलीय, पहिली सायकल आलीय, वसुधाजींना बघायला आले तेव्हा घामानं भिजलेला सदरा आलाय. रोज मला नवे शब्द शोधावे लागतात. अनघा क्लास सुटल्यावर तिथेच येते, आईच्या शेजारी बसून मटार सोलते, आणि प्रत्येक वाक्याला विचारते, काय म्हणाली, काय म्हणाली. मग वसुधाजी माझ्याशी जर्मनमध्ये एक वाक्य बोलतात आणि तिच्यासाठी तेच मराठीत.

परवा त्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्याचं सांगत होत्या. श्रीकांतनी त्यांना उधारीच्या स्कूटरवरून धुवाँधारला नेलं होतं, आणि ऐट म्हणून दगडावर उभे राहिले तर त्यांची एक चप्पल धबधब्यात गेली. दुसरी त्यांनी हातात धरून ठेवली, आणि पूर्ण शहरातून स्कूटर अनवाणी चालवली, पोलिसानं थांबवलं तरी ती चप्पल सोडली नाही. वसुधाजी हे सांगताना हसत होत्या, मग हसता हसता घोगऱ्या झाल्या आणि थांबल्या. पलीकडे शेंगांची टक्‌टक्‌ही थांबली होती.

मग अनघाचा आवाज आला, "आई, अजून सांग न."